रेडिएटर, वॉटर पंप, कोअर प्लग : गंज न खाणारा धातू नेमका कुठे कोणता घ्यायचा?

तापीकाठ (चोपडा तालुका) · सोमवार, रात्री ९:१२

रामराम मंडळी. ४५ एचपीचा जुना ट्रॅक्टर घेतला आहे. भाव बरा मिळाला, आणि का बरा मिळाला ते बॉनेट उघडल्यावर कळलं. आधीच्या मालकाने त्यात बोअरचं पाणी सोडून दुसरं काही टाकलेलं दिसत नाही. निचऱ्याच्या नळातून आलं ते पाणी म्हणजे विटकरी चिखल.

अवस्था अशी. वॉटर पंपाच्या इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या) पात्यांची टोकं खाल्लेली आहेत. ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या, म्हणजे कोअर प्लग, त्यातल्या दोन पाझरतात. रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, वरच्या टाकीच्या सांध्यावर हिरवट-पांढरी पूड. थर्मोस्टॅटचं घर ॲल्युमिनियमचं, त्याला आतून खड्डे. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे.

आता सल्ले ऐका. पहिला दुकानदार म्हणतो, ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर बसवा, स्वस्त आणि हलका. दुसरा म्हणतो, तांब्याचा आहे तोच ठेवा, फक्त कोअर (मधला नळ्या-पंख्यांचा भाग) बदलून घ्या. लेथवाला म्हणतो, इम्पेलर स्टेनलेसचा करून देतो, नातवापर्यंत बघायला नको. तिघंही आपापलं विकताहेत हे उघड आहे.

केळीचा कंद काढल्यावर रोटाव्हेटर भर उन्हात चालवावा लागतो. आपल्याकडचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, ४५ अंशांत इंजिन उकळलं तर दिवस गेला. एकदाच खर्च करायचा आहे. कुठे कोणता धातू?

---

शिरपूरकर · सोमवार, रात्री ९:३०

सोपं आहे भाऊ. जे जे करता येईल ते ३०४ नंबरच्या स्टेनलेसचं करा. इम्पेलर, कोअर प्लग, पाईप, क्लिपा. दूध डेअरीत वर्षानुवर्षं टिकतं, तर ट्रॅक्टरमध्ये का नाही टिकणार?

---

रेडिएटर_धुळे · सोमवार, रात्री १०:०५

हायवेवर रेडिएटरचंच काम करतो, त्यामुळे मीही विकणाऱ्यांतलाच, आधीच सांगून ठेवतो.

शिरपूरकर, दुधाच्या टाकीचं काम दूध सांभाळणं. रेडिएटरचं काम उष्णता बाहेर टाकणं. तांब्याची उष्णता वाहून न्यायची ताकद ४०० धरा, ॲल्युमिनियमची दोनशे-सव्वादोनशे, पितळेची ११० च्या आसपास, बिडाची ५०, आणि तुमच्या ३०४ ची फक्त १५-१६. स्टेनलेसचा रेडिएटर गंजणार नाही, पण इंजिन थंडही होणार नाही.

तापीकाठ, आता तुमचं. तांब्या-पितळेत पाण्याच्या नळ्या पितळेच्या, मधले पंखे (हवेला लागणारे पातळ पत्रे) तांब्याचे, आणि सगळं शिशा-कथलाच्या डागाने जोडलेलं. तुमच्या सांध्यावरची पूड ती या डागाचीच. मुळात तांबं-पितळ गेलेलं नाही, सांधा गेलाय. टाकी उतरवून, नळ्यांत सळई घालून साफ करून, नवा डाग देऊन असे रेडिएटर आम्ही परत उभे करतो. नळ्या पातळ झाल्या असतील तर फक्त कोअर नवा, टाक्या जुन्या वापरता येतात. गल्लीतल्या कारागिराला जमणारं काम आहे.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर वाईट नाही. आजकालच्या बहुतेक गाड्यांत तोच येतो. त्याच्या नळ्या रुंद आणि चपट्या असतात, पंखे नळीला भट्टीत ६०० अंशांच्या आसपास एकजीव केलेले असतात, त्यामुळे धातूची वहनक्षमता कमी असूनही काम तोडीस तोड देतो. पण फुटला की दुरुस्ती जवळजवळ नाही. वरची टाकी प्लास्टिकची, रबरी सीलवर दाबून बसवलेली. शेतात काडी घुसून नळी फुटली तर एपॉक्सी लावून घरी आणायचा आणि नवा घ्यायचा. आणि बोअरच्या पाण्याशी त्याचं अजिबात जमत नाही.

---

केळीबाग_रावेर · सोमवार, रात्री १०:२२

आमच्याकडे भावाच्या ट्रॅक्टरला ॲल्युमिनियमचा बसवला होता, दुसऱ्या उन्हाळ्यात नळीला सुईएवढी भोकं. दुकानदार म्हणाला पाणी खराब. पाणी तर आम्ही पितो तेच!

---

धातूवाली (मूळ अमळनेर, सध्या नाशिक) · मंगळवार, सकाळी ७:४०

केळीबाग दादा, पितो तेच पाणी, हीच तर गोची आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले धरतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइड २५०, आणि नाइलाज असेल तर १०००. मोठ्या डिझेल इंजिनांच्या पुस्तिका उघडून बघा. तिथे कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या औषधी द्रवात) मिसळायच्या पाण्यासाठी साधारण क्लोराइड ४०, कठीणपणा १७०, एकूण क्षार ३४० अशा मर्यादा भेटतात. माणसाला चालतं ते इंजिनाला चालेलच असं नाही.

ॲल्युमिनियम टिकतं ते त्याच्या अंगावर आपोआप येणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ कातडीमुळे. क्लोराइड ती कातडी एखाद्या ठिकाणी फोडतं आणि तिथेच खोल खोल जात राहतं. म्हणून सगळी नळी शाबूत आणि एका जागी सुईचं भोक. स्टेनलेसचीही हीच कथा. त्याची कातडी क्रोमियमच्या ऑक्साइडची, जास्त चिवट, पण खाऱ्या गरम पाण्यात तीही फुटते. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये वर २-३ टक्के मॉलिब्डेनम घालतात ते याच क्लोराइडच्या भोकांसाठी.

आता तापीकाठ भाऊंचा मूळ प्रश्न. ‘कोणता धातू’ असा एकट्या धातूचा विचार केला की फसायला होतं. ठरवतात ती जोडी, आणि त्या जोडीतलं क्षेत्रफळ. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांमध्ये क्षाराचं पाणी असलं की बॅटरी तयार होते. हलक्या कुळीचा धातू झिजतो, वरच्या कुळीचा वाचतो. इंजिनातल्या धातूंची उतरंड खालून वर अशी: जस्त, ॲल्युमिनियम, साधं लोखंड आणि बीड, मग शिशा-कथलाचा डाग, मग पितळ, तांबं, आणि कातडी शाबूत असेल तेव्हा स्टेनलेस.

झिजणारा भाग मोठा आणि वाचणारा लहान असेल तर झीज पसरते, जाणवतही नाही. उलट असेल, म्हणजे लहानसा तुकडा झिजणारा आणि समोर भलंमोठं पितळ किंवा स्टेनलेस, तर तो लहान तुकडा भसाभस जातो. म्हणून बिडाच्या ब्लॉकमध्ये पितळी कोअर प्लग बिनधास्त बसवा. पितळ लहान, बीड अवाढव्य. प्लग टिकतो आणि ब्लॉकला कळतही नाही. मूळचे प्लग साध्या पत्र्याचे, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचे. त्यांचा गंज ब्लॉकपेक्षा वेगळा नसतो, फक्त पत्रा पातळ म्हणून तो आधी आरपार जातो.

---

शिरपूरकर · मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, मग स्टेनलेसचा इम्पेलर पण लहान आणि बिडाचं घर मोठं. तुमच्याच नियमाने चालायला पाहिजे!

---

धातूवाली · मंगळवार, सकाळी ८:५०

चालतो, त्या हिशेबाने अजिबात हरकत नाही. कारखान्यातून येणाऱ्या काही पंपांत स्टेनलेसच्या पत्र्याचे इम्पेलर असतातही. माझी हरकत लेथवाल्याच्या पद्धतीला आहे. तो पाती कापून बुशीला वेल्डिंग करणार. ३०४ ला वेल्डिंग केलं की जोडाच्या आजूबाजूचा पट्टा ४५० ते ८५० अंशांतून जातो, तिथे क्रोमियम कार्बनशी संधान बांधतं आणि धातूच्या कणांच्या कडेला क्रोमियम उरत नाही. पुढे गंज नेमका तिथून. वेल्डिंग करायचंच तर ३०४एल घ्यावं, त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असतो.

दुसरं, तो ३०४ च देतोय कशावरून? बाजारात २०२ खूप फिरतं. निकेल वाचवून मँगनीज घातलेलं, गंजाला ३०४ पेक्षा कच्चं. लोक लोहचुंबक लावून बघतात. काही उपयोग नाही, २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि चांगलं ३०४ सुद्धा ठोकून-वाकवून तयार केलं की थोडं चिकटायला लागतं.

---

निवृत्त_फिटर (भुसावळ) · मंगळवार, सकाळी ११:३०

वाचतोय. पोरीने नीट सांगितलं. मी फिटरच्या बाजूने दोन गोष्टी घालतो.

इम्पेलर शाफ्टवर दाबून बसवलेला असतो. गरम झाल्यावर स्टेनलेस, गनमेटल हे पोलादापेक्षा जास्त फुगतात. ३०४ चं फुगणं १७, साध्या पोलादाचं १२, बिडाचं त्याच्याही थोडं खाली. म्हणून बुशीचं भोक बिडाच्या इम्पेलरच्या मापाने करून चालत नाही, दाब थोडा जास्त ठेवावा लागतो. लेथवाल्याने तो ठेवला नाही तर उकळत्या इंजिनात इम्पेलर शाफ्टवर सटकतो, पंखा फिरत राहतो आणि पाणी जागच्या जागी. वरून बघून कोणाला काही कळत नाही. शिवाय बॅलन्स. हाताने जोडलेल्या पात्यांचा तोल गेला की बेअरिंग आणि सील दोन्ही जातात.

तापीकाठ, तुमच्या इम्पेलरची टोकं मला गंजाची वाटत नाहीत. फोटो टाका. टोकं स्पंजासारखी, भोकंभोकं असलेली दिसतात का?

---

तापीकाठ · मंगळवार, दुपारी १:१०

काका, फोटो टाकला आहे. हो, स्पंजच. आणि आता तुम्ही म्हणालात म्हणून लायनरही (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) बघितला. एका बाजूला, उभ्या रेषेत, बारीक खड्ड्यांची रांग आहे.

---

निवृत्त_फिटर · मंगळवार, दुपारी ४:४५

मग ऐका. हे बुडबुड्यांचं काम आहे. पिस्टन दर फेऱ्याला लायनरला एका बाजूने धक्का देतो, लायनर थरथरतो. थरथरताना त्याच्या पाण्याकडच्या अंगावर क्षणभर दाब एकदम कमी होतो आणि वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. पुढच्या क्षणी ते फुटतात, आणि फुटताना धातूवर टाचणीसारखा मार बसतो. इम्पेलरच्या पात्यांच्या पाठीमागेही तेच. गंजाची कातडी तयार होते, बुडबुडा ती उडवतो, खालचं ताजं लोखंड परत गंजतं. दोघं मिळून लायनर आरपार करतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं.

यावर धातू बदलणं हा उपाय नाही. उपाय दोन. एक, रेडिएटरची टोपी. तिची स्प्रिंग मेली की दाब राहत नाही, आणि दाब नाही तिथे बुडबुडे जास्त. ०.९ बारची टोपी नीट असेल तर पाणी १०० च्या ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. आमच्याकडे ड्रायव्हर लोक टोपीचं रबर काढून फेकायचे, ‘प्रेशर येतं’ म्हणून. दोन, डिझेलसाठीचं कूलंट. त्यातली द्रव्यं लायनरवर एक कठीण पापुद्रा ठेवतात, मार त्या पापुद्र्यावर जातो. पेट्रोल कारच्या कूलंटमध्ये ती सोय असेलच असं नाही. डब्यावर जड डिझेल इंजिनासाठी असं लिहिलेलं बघून घ्या.

लायनरचे खड्डे नखाला जाणवत असतील तर लायनर आत्ताच बदला. फिरवून बसवणारेही आहेत, खड्डे दुसऱ्या बाजूला नेऊन. पिस्टनची झीज बघून ठरवा.

---

नाना_भडगाव · मंगळवार, रात्री ८:०२

भो, मना हेरवरना (विहिरीवरना) जुना डिझेल इंजिनले ना रेडिएटर ना कूलंट. हेरनं पानी येस, जाकीटमातून जास, पाटमा पडस. तठे तुम्हना बठ्ठा शास्त्रनं काय करू? सांगा ते.

---

निवृत्त_फिटर · मंगळवार, रात्री ८:४०

नाना, रामराम. खरा धातूचा प्रश्न तुमचाच आहे, बाकीच्यांचा पाण्याचा.

बंद पद्धतीत तेच पाणी फिरत राहतं. सुरुवातीला त्यातला प्राणवायू लोखंड खातं, तो संपला की गंज मंदावतो. हवा आत शिरत राहिली, म्हणजे पाणी कमी असलं किंवा पंपाचं सील हवा ओढत असलं, तरच तो चालू राहतो. तुमच्याकडे दर मिनिटाला ताजं पाणी, ताजा प्राणवायू आणि ताजा क्षार. औषध टाकलं तरी ते पाटात वाहून कपाशीला जाणार. म्हणून तिथे धातूच जाड आणि चिवट पाहिजे. बिडाचं जाकीट, म्हणजे सिलिंडरभोवतीचा पाण्याचा कप्पा, जाड असतं म्हणून त्या इंजिनांनी इतकी वर्षं काढली. पंपाचा इम्पेलर, कॉक, नेक हे गनमेटलचे घ्या, साध्या पितळेचे नको.

---

नाना_भडगाव · मंगळवार, रात्री ८:५५

पितळ कसाले नको? जुना लोकेसनी बठ्ठं पितळनंच करेल से.

---

धातूवाली · मंगळवार, रात्री ९:३०

नाना, जुन्यांनी पितळ म्हणून ओतलं त्यातलं पुष्कळसं गनमेटल होतं. गनमेटलमध्ये तांबं ८५ टक्के, आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाचच्या आसपास. बाजारातल्या नळाच्या पितळेत जस्त ३५-४० टक्के असतं. जस्त १५ टक्क्यांच्या वर गेलं की खारं गरम पाणी पितळेतून जस्त तेवढं उचलून नेतं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, रंग पिवळ्याचा लालसर, आणि पान्याने आवळलं की चुरा. तुमच्या एखाद्या जुन्या कॉकवर सुरी घासून बघा, वरून लाल आणि आत पिवळं दिसलं तर हेच चाललंय. रेडिएटरच्या पितळी नळ्यांचंही बोअरच्या पाण्यात कालांतराने असंच होतं.

---

निवृत्त_फिटर · मंगळवार, रात्री ९:५०

आणि नाना, बाहेर पडणारं पाणी फार तापू देऊ नका. कठीण पाणी तापलं की त्यातला चुना सुटतो आणि जाकिटात बसतो. घरच्या तांब्याच्या बंबात बसतो तोच थर. बिडाची वहनक्षमता ५०, त्या थराची दोनच्या आसपास. म्हणजे मिलिमीटरभर थर हा अडीच सेंटिमीटर जादा बिडाइतका अडसर. विहिरीपासूनचा जस्त चढवलेला पाईप तुम्हाला चालेल, पण ट्रॅक्टरवाल्यांनी बंद पद्धतीत जीआय पाईप किंवा जीआय निपल कधीही घालू नये. कूलंट जस्ताला खातं आणि त्याचा गाळ रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. घाईच्या जुगाडात हे फार होतं.

---

साक्रीचा_वारा · बुधवार, सकाळी ९:००

विषय चांगला रंगलाय. एक शंका. ट्रॅक्टरच्या रेडिएटरला इंजिनशी जोडणारे होज रबराचे. मग तांब्याचा रेडिएटर आणि ॲल्युमिनियमचं थर्मोस्टॅट घर एकमेकांना टेकतच नाहीत. बॅटरी कशी होईल?

---

धातूवाली · बुधवार, सकाळी १०:१०

प्रश्न बरोबर विचारलात. टेकत नाहीत, तरी सुटका नाही. रेडिएटरमधून तांबं अगदी कणाकणाने पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर फिरून ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं. आता तो तांब्याचा कण आणि खालचं ॲल्युमिनियम टेकले, आणि त्या ठिकाणी इवलीशी बॅटरी सुरू. तापीकाठ भाऊंच्या थर्मोस्टॅटच्या घराला आतून जे खड्डे आहेत त्यात याचा वाटा नक्की असणार. म्हणून मी एक नियम पाळते: तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर नुसतं पाणी कधीच नाही.

अर्थात कंपन्या एवढे धातू एकत्र घालतात ते वेड लागलं म्हणून नाही. कूलंटची एक जुनी प्रयोगशाळा चाचणी आहे, एएसटीएम डी १३८४. तांबं, डाग, पितळ, पोलाद, बीड आणि ओतीव ॲल्युमिनियम अशा सहा पट्ट्या एकत्र बांधून गरम कूलंटच्या भांड्यात बुडवतात, ८८ अंशांवर ३३६ तास, आतून हवा सोडत. मग प्रत्येक पट्टीचं वजन किती घटलं ते मोजतात. सहाही धातू सांभाळणारं द्रव मिळतं, सहांच्या जागी चालणारा एक धातू मिळत नाही.

---

शिरपूरकर · बुधवार, सकाळी १०:४०

बरं बुवा, क्लिपा तरी स्टेनलेसच्या घेऊ का? 😄

---

रेडिएटर_धुळे · बुधवार, दुपारी १२:२०

त्या जरूर घ्या! पण तिथेही बघून. पट्टीवर डब्ल्यू-१, डब्ल्यू-२, डब्ल्यू-४ असं कोरलेलं असतं. डब्ल्यू-१ सगळी जस्ताच्या मुलाम्याची. डब्ल्यू-२ ची पट्टी स्टेनलेस पण स्क्रू मुलाम्याचा, म्हणजे पट्टी चकाचक आणि स्क्रू गंजून अडकलेला. डब्ल्यू-४ मध्ये स्क्रूसकट सगळं ३०४.

कूलंटबद्दल माझं एक. हल्लीची दीर्घ मुदतीची, सेंद्रिय आम्लांची कूलंट ॲल्युमिनियमला उत्तम, पण त्यातली काही आमच्या शिशाच्या डागाला मानवत नाहीत. सांध्यावर फुलोरा येतो. तांब्या-पितळेचा रेडिएटर ठेवणार असाल तर डब्यावर तांबं, पितळ आणि डागाला सुरक्षित असं लिहिलेलं घ्या. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीच्या मर्जीचं असतं. आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

साफ करतानाही धातू बघा. काही मेकॅनिक कॉस्टिक सोडा टाकून इंजिन चालवतात. बिडाला एक वेळ चालतं, ॲल्युमिनियमचं घर आणि हेड त्यात अक्षरशः फसफसतं. धुण्याच्या सोड्याचंही तेच, फक्त हळू. तेजाब तर नकोच. मी लिंबूसत वापरतो, कोमट पाण्यात, मग दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन शेवटचं धुणं डिस्टिल्डने.

---

केळीबाग_रावेर · बुधवार, दुपारी २:००

आमच्या तांब्याच्या रेडिएटरचे पंखे बाहेरून हिरवे पडून झडताहेत. आतलं पाणी तर चांगलं आहे. ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये असतो, त्याचा काही संबंध?

---

धातूवाली · बुधवार, सायंकाळी ६:१५

दादा, असू शकतो. शेण-मुतातून अमोनिया सुटतो. अमोनिया आणि दमट हवा तांबं-पितळ दोन्हीला खाते, आणि ताणाखाली असलेलं पितळ तर सरळ तडकतं. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं तेही आपल्याच देशात. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवली की त्यांना तडे जायचे. युरियाच्या गोण्या त्याच शेडमध्ये असतील तर त्याही हलवा, ओल लागली की तिथूनही अमोनियाच. आणि विद्राव्य खतांची फवारणी झाल्यावर रेडिएटरवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारत जा, मागून पुढे.

---

तापीकाठ · गुरुवार, रात्री ९:००

मंडळी, खूप आभार. टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) आणला. बोअर ११८०, विहीर ६२०, गावातल्या आरओचं ६०. बोअरचा विषय संपला.

धुळ्याच्या दादांनी आधी फोटो बघून सांगितल्याप्रमाणे तांब्या-पितळेचाच रेडिएटर ठेवतोय, कोअर नवा. पंप कंपनीचा बिडाच्या इम्पेलरसकट पूर्ण घेतला, लेथवाल्याला नमस्कार केला. कोअर प्लग पितळी, तेही दोनच नाही, सगळे. थर्मोस्टॅटचं घर नवं. लायनरचे खड्डे नखाला लागतात, म्हणून लायनर-पिस्टन सेट काढावा लागणार, खरा खर्च तिथेच आहे. टोपी नवी. क्लिपा डब्ल्यू-४, शिरपूरकरांच्या आग्रहाखातर.

एक राहिलं. कूलंटमध्ये मल्टीमीटर बुडवून बघायला मेकॅनिकने सांगितलं. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार रेडिएटरच्या पाण्यात, धातूला न लावता. स्टार्टर मारताना ०.६ व्होल्ट दाखवतं. हे काय?

---

निवृत्त_फिटर · गुरुवार, रात्री ९:४०

अर्थिंग कच्चं आहे. ०.३ च्या वर गेलं की शोधाशोध करायची असते. स्टार्टरचा करंट नेहमीच्या तारेने परतायला जागा मिळत नाही म्हणून पाण्यातून वाट काढतोय. हे राहिलं तर नवा कोअरही जाईल, धातू कोणताही असो. बॅटरीची निगेटिव्ह केबल इंजिनला जिथे बसते तिथला रंग आणि गंज खरडून, चकचकीत करून, परत आवळा. इंजिन ते चॅसी जाड वेणीची पट्टी आहे का बघा, जुन्या ट्रॅक्टरवर बहुतेक वेळा ती तुटलेली असते. आधी हे, मग नवा रेडिएटर.

---

तापीकाठ · शुक्रवार, दुपारी १२:१५

काका, पट्टी नव्हतीच! बोल्ट होता, पट्टी गायब. नवी लावली, आता ०.०८.

---

रेडिएटर_धुळे · शुक्रवार, दुपारी १:००

झकास. रेडिएटर आणताना खालची टाकी आणि बाजूच्या पट्ट्या सोबत आणा, माप घ्यायला. आणि तिकडे कोणी ऑइल पेंट मारून देतो म्हणालं तर मारू देऊ नका. कोअरवर पातळ काळा रंगच लागतो, जाड रंगाने पंख्यांमधली वाट बुजते. सोमवारी दुकान बंद असतं.

---

नाना_भडगाव · शुक्रवार, रात्री ७:३०

कॉक सुरीवर घासी दखा. वर लाल, मझार पिवळा. आते गनमेटलना कॉक कोठे भेटी, जळगावमा का धुळामा?

---

रेडिएटर_धुळे · शुक्रवार, रात्री ८:१०

नाना, दोन्हीकडे मिळतो. पाईप-फिटिंगच्या दुकानात नको, बॉयलर आणि पंपाचं सामान ठेवणाऱ्याकडे विचारा. हातात घेऊन वजन बघा आणि बिलावर गनमेटल असं लिहून घ्या. जुना कॉक सोबत न्या, आटे जुळतात का तिथेच बघून घ्या.